तांब्याचं वायसर

तेजस्विनीच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली. महिनाभर हात बांधलेला होता, तेवढे दिवस धारा सासूनं काढल्या. एकतिसाव्या दिवशी तेजस्विनी पुन्हा म्हशीखाली बसली.

अवसरी बुद्रुकला तिच्या घरी पाच म्हशी आहेत. नवरा बाळासाहेब पारगावच्या कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. हंगामात त्याचा पाय घरात ठरत नाही, म्हणून मोटरसायकल ती शिकली. रोज सकाळी मागं दोन कॅन अडकवायचे आणि मंचरला घरोघर दूध घालून नवाच्या आत परत यायचं. सुरुवातीला लोक वळून बघायचे. मग तेही कंटाळले.

गाडी जुनी, पुढं ड्रम ब्रेक. तो लागायचा तर मूठ घट्ट आवळावी लागे आणि तेजस्विनीला मूठच नव्हती. ती सगळी भिस्त मागच्या ब्रेकवर ठेवायची. भरल्या कॅनांनिशी मागचा ब्रेक एकटा पुरत नाही, हे तिला कळलं ते मंचरच्या एका शाळेपुढं. सहा-सात वर्षांची मुलगी रिक्षाच्या आडून एकदम रस्त्यात आली. तेजस्विनीनं दोन बोटांनी ब्रेक ओढला, मागचा दाबला, दोन्ही पाय रस्त्याला घासले. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक मुलीच्या दप्तराला टेकलं होतं. "आरोही," अशी हाक ऐकू आली, आईनं मुलीला ओढून घेतलं. ती बाई दप्तरावरची चाकाची माती झटकून तशीच शाळेत शिरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी तिनं हे दोन दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा बाळासाहेब म्हणाला, "गाडी विकून टाकू. दुधाला माणूस लावू."

"पुढं डिस्क ब्रेक बसवायचा," ती म्हणाली. "त्याला दोन बोटं पुरतात."

मंचरच्या दोन गॅरेजवाल्यांनी तिचा हात बघितला आणि नाही म्हणाले. उद्या काही झालं तर आमच्यावर येईल, असं एकानं तोंडावर सांगितलं. तयार झाले ते शफीचाचा. सत्तरीचे मिस्त्री, दुकान बंद करून घरी बसलेले, तिचं रोजचं अर्धा लिटरचं गिऱ्हाईक. पण त्यांची अट होती.

"मी हात लावणार न्हाई. तू करायचं, मी बघणार. रस्त्यात कायतरी झालं तर मी असणारे का तिथं?"

ह्याच गाडीच्या डिस्कवाल्या मॉडेलचा पुढचा सगळा सेट त्यांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडून काढून दिला. चाक, शॉकअप, चकतीला दोन्हीकडून आवळणारा कॅलिपर आणि हँडलवर बसणारी ब्रेक ऑइलची डबी. रविवारी दूध घालून झाल्यावर ती त्यांना मागं बसवून घेऊन आली.

गोठ्यापुढच्या फरशीवर इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, मागचं चाक खांबाला दोरानं बांधलं. पुढचं चाक निघालं, मग शॉकअप. नट आवळताना पाना तिच्या हातातून निसटायचा. ती डाव्या हातानं पकडायची, उजव्या तळव्यानं ठोसे मारायची. शफीचाचा खाटेवरून सांगत होते. एकदा ठोकळा कर्रकन वाजला आणि गाडी डावीकडं कलली. तेजस्विनीनं खांदा लावला. सासू धावत येऊन दुसऱ्या बाजूनं भिडली. चाचांनी दुसरा ठोकळा सरकवेस्तोवर दोघी तशाच उभ्या होत्या.

दुपार कलली. नवं चाक बसलं, कॅलिपर बसला. राहिला डबीतून कॅलिपरला तेल नेणारा पाइप. त्याच्या दोन्ही टोकांना बोल्ट असतो आणि प्रत्येक बोल्टाला तांब्याची दोन वायसरं, चपट्या बारीक कड्या. तांबं मऊ असतं, आवळलं की दबून बसतं आणि तेलाला वाट राहत नाही. एकदा दबलेलं वायसर परत वापरायचं नाही, हे चाचांनी दोनदा बजावलं होतं. चार नवी वायसरं पुडीत बांधून आणली होती.

चाचा नमाजाला ओसरीवर गेले. त्यांच्या माघारी तेजस्विनीनं कॅलिपरकडची दोन बसवली, मग वरची घेतली. एक तिच्या बोटांतून सुटलं, फरशीवरून घरंगळत गेलं आणि गोठ्याच्या नाल्यात पडलं. तिनं शेणात हात घालून शोधलं. सापडलं नाही. मंचरला जाऊन आणावं, तर गाडी उघडी पडलेली. संध्याकाळच्या धारा तोंडावर आल्या होत्या. भंगारातून आलेलं जुनं वायसर विटेवर पडलं होतं. तिनं ते पदराला पुसलं, बसवलं आणि बोल्ट जोर लावून आवळला.

चाचा परत आल्यावर तिनं सांगितलं नाही.

डबीत तेल ओतलं. आतली हवा काढायला कॅलिपरच्या बोंडाला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडली. ब्रेक दाबून धरायचा, बोंड सैल करायचं, बुडबुडे निघाले की आवळायचं, मग ब्रेक सोडायचा. लिव्हर आधी लोण्यासारखा मऊ होता. तासाभरानं बुडबुडे थांबले आणि दोन बोटांखाली तो टणक लागला. चाचांनी दाबून बघितलं.

"चांगलाय. पण आठ दिवस दूध न्हाई, पानी भरून चालव. आन् उतारावर जपून."

सोमवारी बाळासाहेब सुट्टीवर होता. कॅन पाण्यानं भरले. "मी चालवतो," तो म्हणाला. तिनं मान हलवली. "हात माझा हाय. मागं बसा."

गल्लीत गाडी जागच्या जागी थांबत होती. तेजस्विनीला पहिल्यांदा भीती वाटली नाही. गावाबाहेरच्या उतारावर तिनं तीन वेळा वेग घेतला, तीन वेळा थांबली. चौथ्यांदा अर्ध्या उतारावर तिच्या बोटांना काहीतरी ओलं, बुळबुळीत लागलं. तेल गळतंय, हे तिला तत्क्षणी कळलं. लिव्हर दाबला तर तो थेट हँडलला जाऊन टेकला.

खाली वळणावर एसटी उभी होती, माणसं उतरत होती.

"घट्ट धरा," ती म्हणाली. तिसरा गिअर, दुसरा. इंजिन ओरडलं. मागचा ब्रेक दाबला तसं चाक घसरायला लागलं, तिनं सोडला, पुन्हा दाबला. उजवीकडं कांदा काढलेलं रान होतं. समोरून कुणी येत नाही हे बघून तिनं हँडल तिकडं वळवलं. गाडी बांधावरून उडाली, ढेकळांत रुतली आणि आडवी झाली. एक कॅन फुटून पाणी वाहिलं. बाळासाहेबाचं कोपर सोललं. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

तो उठून ओरडला, "म्हनलं व्हतं न्हाई जमायचं! त्या म्हाताऱ्यानं..."

"चाचांची चूक न्हाई," ती मातीत बसूनच म्हणाली. "जुनं वायसर मी घातलं. कुणाला बोलले न्हाई."

बाळासाहेबानं कोपराची माती झटकली. मग त्यानं गाडी उभी केली. दोघांनी ती ढकलत घरी आणली. वाटेत त्यानं एवढंच विचारलं, "एसटीत घातली असतीस तर?"

मंगळवारी तो दूध घेऊन ट्रॅक्टरवर गेला आणि नवी वायसरं घेऊन आला. सगळं तेल काढून तिनं दोन्ही बोल्ट नव्यानं बसवले. बाटली या वेळी त्यानं धरली. तेल भरल्यावर ती ब्रेक दाबून धरायची, प्रत्येक बोल्ट कोरड्या कागदानं पुसायची, कागद उजेडात धरून डाग पडलाय का बघायची. आठ दिवस तिनं पाणीच वाहिलं, दूध तेवढे दिवस बाळासाहेबानं घातलं.

चाचांना तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. तेजस्विनी पुन्हा दूध घालायला लागली तेव्हा ते नातसून घ्यायची, चाचा आत बसलेले दिसायचे. ती रोज मापं घालून जायची, हाक मारायची नाही.

विसाव्या दिवशी ते पातेलं घेऊन स्वतः बाहेर आले. पातेलं पायरीवर ठेवलं, चष्मा लावला, हँडलजवळ वाकले. लिव्हर दाबला, बराच वेळ धरून ठेवला. बोल्टाखालून बोट फिरवून ते डोळ्यांजवळ नेलं.

"मोजून किती किलोमीटर झालं?" त्यांनी विचारलं.

"चारशे सोळा."

"पाचशेला परत बघ," ते म्हणाले आणि पातेलं पुढं केलं.