आतल्या बाजूचे टाके

ये गो बाय, जवळ ये. पुण्यात आहेस हे ठाऊक आहे मला, पण वाचताना तरी हे कागद जवळ धर. भाजी चिरता चिरता एका डोळ्याने वाचू नकोस. तुझी ती खोड मी ओळखून आहे. दिवाळीला आलीस, ऑफिसातल्या मैत्रिणींना मांद्र्याची वेळ, आपला किनारा, दाखवलीस, सकाळी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव खाल्लेस, आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस आणि गेलीस. गेल्यावर फोटो पाठवलास. तुझ्या चुलतभावाच्या गेस्टहाऊससमोरच्या होडीत तू बसलेली आहेस, दोन्ही बाजूंना मैत्रिणी, सगळ्या हसताहेत. होडीत माती भरून लावलेल्या फुलझाडांमध्ये तुमचे पाय. आणि खाली तू लिहिलंस, ‘बाबांच्या हातची होडी’.

तूसुद्धा, बाय?

रागावले नाही मी. म्हणजे रागावलेच, पण तुझ्यावर नाही. तुझं काय चुकलं? होडीजवळ रंगीत पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की ही होडी दोन भावांनी एकही खिळा न मारता हाताने शिवली. तूच मला ते वाचून दाखवलंस आणि वर म्हणालीस, ‘बाबा आणि काका किती कलाकार होते गो आये!’ मी चहाच्या कपबशा उचलत होते. तशीच आत गेले. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

आपल्याकडची जुनी होडी ठोकलेली नसते, शिवलेली असते. आंब्याच्या फळ्या एकीला एक लावायच्या, दोघींच्या कडांना गिरमिटाने भोकं पाडायची, फटीवर काथ्याची जाड वात बसवायची आणि वरून सुंभाने शिवत जायचं. गोधडी शिवतात तसं. पण गोधडी एकटीला शिवता येते, होडी येत नाही. तिला दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. बाहेरच्याने सुंभ भोकातून आत सारायचा, आतल्याने तो धरायचा, दांडक्याला पीळ देऊन ओढायचा आणि शेजारच्या भोकातून परत बाहेर द्यायचा. आत बसलेल्या माणसाचा हात जितका घट्ट, तितकी होडी कोरडी. हे लक्षात ठेव.

ही होडी तुझ्या आजोबांची. ते गेल्यापासून माडांखालच्या माटवात, झावळ्यांची झापं लावलेल्या मांडवात, उलटी पडून होती. सुंभ कुजलेला, फळ्या सुकून सुटलेल्या, उंदरांनी आत संसार मांडलेला. तेव्हा गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तू पाळण्यात होतीस आणि किनाऱ्यावर एकच बोलणं होतं, ट्रॉलरचं. रापणीला, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याला, मासळी कमी लागायला लागली होती. तरुण माणसं एकेक करून ट्रॉलरवर जात होती. आणि ट्रॉलरवर गेलेला नवरा घरी पाहुण्यासारखा यायचा. आला तरी डोळे लाल, तोंडाला वास, आणि परत जायची घाई. शेजारणींची दशा मी रोज बघत होते.

रापणीत माणसाचा एक वाटा असतो आणि होडीचा वेगळा. आपली होडी पाण्यात उतरली तर तुझ्या बाबांना ट्रॉलरवर जायची गरज नव्हती. म्हणून ते म्हणाले, ‘आपणच शिवूया ती.’ होडी शिवणारे मेस्त तोवर कपाटं आणि पलंग करायला लागले होते. आपणच म्हणजे ते आणि तुझा काका. मी म्हणजे सुंभ वळायला.

ते तर माझंच काम होतं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घातलेली असायची, ती काढायची, मोगरीने कुटायची, धुवायची आणि तळहातावर वळायची. हाताला तो कुजका वास इतका चिकटायचा की तुला दूध पाजताना तू तोंड फिरवायचीस. मी लाटंबार्शाची. काजूच्या डोंगरातली. दर्या पहिल्यांदा बघितला तो लग्नाच्या वरातीत. पण तुझ्या आजीने सुंभ वळायला शिकवलं आणि कधी नव्हे ते शेजारणीला म्हणाली, ‘हात बरो आसा हिचो.’ माझ्यासाठी तिच्या तोंडून आलेलं तेवढंच एक गोड वाक्य. मी ते अजून जपून ठेवलंय.

शिवायची वेळ आली आणि तुझ्या काकाला डिचोलीला खाणीवर ट्रकची नोकरी लागली. लागली ती चांगलंच झालं. पण आत बसणार कोण? तुझे बाबा एक फळी लावून नुसते बसून राहिले. दुसरं माणूस मिळेना. जो तो म्हणे, आता कोण होड्या शिवतो? तेव्हा मीच म्हटलं, ‘मी बसते आत.’

त्यांनी गिरमिट खाली ठेवलं. बायकांनी होडीला पाय लावायचा नाही, ही किनाऱ्यावरची रीत. मासळीच्या पाट्या वाहायच्या, सुंभ वळायचा, जाळी सुकवायची, पण होडीत पाय नाही. मी म्हटलं, ‘माटवातली होडी म्हणजे लाकूडच ना अजून? पाण्यात गेली की होडी.’ त्यांना ते पटलं की गरजेपुरतं पटवून घेतलं, कोण जाणे. म्हणाले, ‘बस. पण झापं ओढून घे, रस्त्यावरून दिसता नये.’

अशी मी झापांच्या आड होडीत बसले. घरातली कामं उरकायची, तुझा पाळणा माटवाच्या खांबाला बांधायचा आणि आत शिरायचं. बाहेरून ते सुंभ सारायचे, मी धरायचे, पायाने फळी रेटून ओढायचे, परत द्यायचे. आमच्या दोघांच्या मध्ये फळी. तोंड दिसायचं नाही, नुसता सुंभ यायचा आणि जायचा. मग बोलणं सुरू व्हायचं. खरं सांगू? लग्नानंतर आम्ही दोघं इतकं कधी बोललोच नव्हतो. ते म्हणायचे, ‘काजूवाली, ओढलंस?’ मी म्हणायचे, ‘दर्यावाल्या, दे आता पुढचं.’ माझ्या हातांची सालं निघाली. भाकरी थापताना मिठाने आग व्हायची. पण सगळ्या आयुष्यात सुख कुठे होतं असं कोणी विचारलं तर मी त्या झापांकडे बोट दाखवेन.

माझ्या भावाने लाटंबार्शाहून काजूच्या सालीचं तेल डबा भरून पाठवलं. होडीला बाहेरून लावायला. काळं, झोंबणारं. दोन्ही बाजूंच्या फळ्या पुऱ्या झाल्या, राहिला तळ. आणि वळलेला सुंभ संपला. आणखी सोडणं कुटायची, वळायची म्हणजे दिवस जाणार, आणि नारळी पुनव अगदी तोंडावर आलेली. त्या दिवशी दर्याला नारळ देऊन होड्या उतरवायच्या असतात.

नेमका तेव्हाच काका रजा घेऊन आला. येताना ट्रॉलरवाल्या मित्राकडून हिरवा नायलॉनचा दोर घेऊन आला, भलंमोठं वेटोळं. माटवाच्या दारात टाकलं आणि म्हणाला, ‘ह्यो घे. सात जल्मात कुसाचो नाय.’

मी होडीतून बाहेर येत म्हटलं, ‘भावजी, कुसाचो नाय ता खरा, पण ह्यो पाणी खंय पिता?’

सुंभाचं गुपित तेच असतं गो. शिवलेली होडी पाण्यात उतरली की आधी रडते, सगळ्या भोकांतून पाझरते. मग सुंभ पाणी पितो, फुगतो, भोक बंद करतो आणि होडी गप्प होते. नायलॉन फुगत नाही. ते जसंच्या तसं राहतं, गुळगुळीत. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आयुष्यभर ओल्या सुंभाने विहिरीचं पाणी काढलेलं, ओल्या सुंभाची गाठ सुटत नाही हे माझ्या नखांना ठाऊक होतं.

काका हसला. ‘आयकलंस रे? काजूच्या गावचा माणूस आता आमका दर्यो शिकवता!’

तुझे बाबापण हसले. तिथे, माझ्यासमोर. इतके दिवस फळीपलीकडून माझ्याशी बोलणारा माणूस भावाच्या बाजूला उभा राहून हसला. मग मला म्हणाले, ‘तू आता घरात जा. आम्ही करतो दोघं.’

केला त्यांनी. तळ पूर्ण नायलॉनने शिवला, झटपट. काळ्या होडीच्या पोटाखाली ती हिरवी शिवण.

पुनवेला होडी सजली. हळद-कुंकू, झेंडूची माळ. बायका आम्ही वर, वाळूच्या चढावर उभ्या. तू माझ्या कडेवर. पुरुषांनी होडी ढकलली आणि ती तरंगली. पाझरू लागली, पण ते व्हायचंच होतं. दोघं भाऊ करवंट्यांनी पाणी उपसत होते, हसत होते. मी बघत होते. बाजूंचं पाझरणं थांबलं. वरूनसुद्धा कळत होतं मला, फळीवरची ओल थबकली होती. तळाचं थांबेना. उपसून उपसून दोघांचे हात थकले. होडी हळूहळू बसत गेली, लाटेत नाही, वादळात नाही, कमरेएवढ्या पाण्यात, सगळ्या गावासमोर. माळ तेवढी तरंगत राहिली.

बाहेर ओढून आणली. रापणीच्या म्होरक्याने, म्हाताऱ्या तांडेलाने, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘शिवताना आत कोण बसलेलां?’

काकाने लगेच सांगितलं, ‘वयनी बसलेली.’

बस. पुढे कोणी तळाकडे वाकून बघितलंच नाही. हिरवा दोर तिथेच होता, उघडा, ओला, चकचकीत. तांडेल एवढंच म्हणाला, ‘बायलमनशाचो पाय लागलेली होडी. दर्यो कसो घेतलो तिका?’ मी चढावरून ओरडले, ‘अहो, तळ बघा! बाजू कोरडी आसा, तळ बघा!’ तर तुझ्या आजीने माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं. मी तुझ्या बाबांकडे बघितलं. एका शब्दाचं काम होतं. ‘आत तिला मीच बसवली,’ एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं मला. ते वाळूकडे बघत उभे होते. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होते.

तरी मी हरले नाही. उरलेल्या पावसाळ्यात मी परत सोडणं कुटली, तळाला पुरून उरेल एवढा सुंभ वळला आणि वेटोळं करून त्यांच्यासमोर ठेवला. ‘नायलॉन काढूया. तळ परत शिवूया. हवं तर तुम्ही आत बसा, मी बाहेर थांबते.’ ते म्हणाले, ‘लोक काय म्हणतील?’ आणि ट्रॉलरवर गेले.

पुढचं तुला माहीत आहे. तुझे बाबा तुला सणासुदीला भेटले. शेजारणींच्या नवऱ्यांसारखा माझाही घरी पाहुणा झाला. तो सुंभ मी विहिरीला लावला. वर्षानुवर्षं त्यावर पाणी काढलं, तुला त्याच पाण्याने न्हाऊ घातलं. अर्धा उरला त्यावर कपडे वाळत घातले. तुझ्या शाळेचा फ्रॉक वाऱ्यावर उडायचा तो त्याच दोरीवर.

ट्रॉलरवरून थकून ते घरी आले तेव्हा किनाऱ्यावर गेस्टहाऊसं उभी राहिली होती. तुझ्या चुलतभावाने होडी माटवातून काढली, तासून पुसून दारात ठेवली. संध्याकाळी तुझे बाबा तिथे खुर्ची टाकून बसायचे. एकदा कोणी पाहुणा आला, होडीवर हात फिरवून विचारायला लागला, कोणी केलं हे एवढं सुंदर काम? मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले होते. कप माझ्या हातात होता. ते म्हणाले, ‘मी आणि माझा भाऊ.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘साखर बरी घातलंस मगे?’

पाटीवरचं ते वाक्य तिथून आलं, बाय.

ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतील. म्हणू देत. ते वाईट नव्हते, तुला ते आवडायचे, आवडू देत. पण आज त्या होडीत रोज बायका बसतात. आखूड कपड्यांतल्या, ओल्या केसांच्या, पाय पसरून, फोटो काढत. तांडेलाचा नातूच त्यांना हात देऊन चढवतो. कोणी विचारत नाही दर्यो काय म्हणेल. बसू देत, मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की सगळ्यांचा पाय चालला, फक्त जिने ती शिवली तिचा चालला नाही.

आता तुझा चुलतभाऊ म्हणतो, पावसाआधी होडीला आतून-बाहेरून फायबर मारून घेतो, लाकूड टिकेल. टिकेल. पण टाके झाकले जातील. बाजूचा सुंभ अजून तसाच आहे, मी दुपारी कोणी नसताना जाऊन बघून येते. फुलझाडांना घातलेलं पाणी तळातून गळून जातं, तळ अजूनही गळतोच. बाजूच्या टाक्यांतून थेंब येत नाही.

तेव्हा फायबर मारायच्या आधी ये. म्हापशाहून पेडण्याची बस पकड, पुढे मोटारसायकलवाले असतात. मैत्रिणी नकोत, एकटी ये. मला आत चढायला हात दे, गुडघे वर जात नाहीत. मी आत बसेन, तू बाहेर उभी राहा आणि फळीवर बोट ठेव. मी आतून सांगेन माझा टाका कुठे सुरू होतो ते. लवकर ये गो.