सातिलमिशरावांचं नाव सुधारायला गेलो

चहा घ्या, घ्या. पण घोट गिळून मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. कारण मी अशी काही माती खाल्ली आहे की विचारू नका! आणि खाल्ली कुठे? नव्या साहेबांच्या केबिनमध्ये, ग्रीन कार्डाची फाइल हातात धरून.

झालं असं, की आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या ऑफिसात तुर्कस्तानातून नवे डायरेक्टर आले. नाव सातिलमिश. त्यांच्याकडे मोठ्या माणसाच्या नावापुढे 'बे' लावतात, म्हणजे आपलं 'राव'. तर सातिलमिशराव. वय साठीच्या आसपास, झुपकेदार मिशी, बोलणं मोजकं. माझी फाइल त्यांच्या एका सहीसाठी अडली होती. व्हिसा संपत आलेला, मुलगी अकरावीत. सही नाही झाली तर चंबूगबाळं आवरून थेट पुणे!

आता शहाण्या माणसाने काय करावं? सही घ्यावी, थँक्यू म्हणावं, बाहेर पडावं. पण मी नुसता शहाणा थोडाच? मी अतिशहाणा!

आदल्या दिवशी मी फोनवर त्या नावाचा अर्थ शोधला. निघाला 'विकलेला'! म्हटलं, अरेरे, कुठल्या आईबापांनी पोराचा असा सूड घेतला? नाही, हे आपल्यालाच सुधारायला हवं. आणि बारशाच्या बाबतीत माझा हात कोण धरणार? आमच्या मराठी मंडळात आनंदचा अँडी मी केला, हरीशचा हॅरी मी केला. मी स्वतः तर बारा वर्षं डॉन. क्युबिकलच्या पाटीवर डॉन, कॉफीच्या मगवर डॉन!

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही यात पडू नका. सही घ्या नि गुपचूप घरी या."

"अगं नीता, त्यांच्या भल्याचंच सांगणार आहे!"

"तुम्ही कुणाचं भलं करायला निघालात की मला धडकी भरते."

मुलीने कानातला हेडफोन काढला. "बाबा, डोन्ट. प्लीज, जस्ट डोन्ट." आणि परत घातला.

ऐकलं का मी? छे!

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो, फाइल पुढे ठेवली. साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात माझं तोंडही उघडलं.

"सर, राग नका मानू. इथे लोक नावाचा अर्थ शोधतात. तुमचा निघतो 'विकलेला'. बरं दिसत नाही. तुम्ही 'सॅम' का नाही लावत? माझंच बघा ना. डॉन! कसं सुटसुटीत!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. अहो, सहीचं पेन!

"चांगलं आहे नाव," ते म्हणाले. "तुझ्या आईने ठेवलं?"

"हो सर, आईनेच," मी ठोकून दिलं.

"माझंही आईनेच. माझ्याआधीची तीन मुलं गेली होती. मी झालो तेव्हा तिने मला पसाभर गव्हाला शेजारणीला विकलं. शेजारणीला सहा मुलं, सहाही धडधाकट. मृत्यू दारात आलाच तर त्याला सांगायचं, हा आमचा नाही बाबा, विकलेला आहे. वाढलो आईपाशीच, पण नाव तेच राहिलं. आमच्या गावात असे चार सातिलमिश होते. आता कोणी ठेवत नाही. इस्तंबूलला नोकरीला लागलो तेव्हा नाव ऐकून पोरं खिदळायची, आला खेडवळ! एकाने तर सुचवलंही, बदलून टाक म्हणून. तोही तुझ्यासारखाच भला माणूस होता."

मग साहेबांनी शांतपणे फाइल उघडली. पहिलंच पान, जन्माचा दाखला.

"हा धोंडीराम कोण?"

"मीच, सर."

"आणि डॉन?"

"तोही... मीच."

"मग आईने ठेवलेलं यातलं कुठलं?"

मी दाखल्यावर बोट ठेवलं.

"अर्थ काय याचा?"

"दगड, सर."

"आई आपल्या मुलाला दगड का म्हणेल?"

आता काय कपाळ सांगणार? अहो, माझ्याआधीची दोन भावंडं गेलेली. मी झालो तेव्हा आईने मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, शेजारच्या शांताकाकूंनी मूठभर मीठ देऊन मला घेतलं, आणि नाव पडलं धोंडू. दगडाला कुणाची नजर लागणार? ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली! आणि तोच मी 'विकलेला' वाचून अरेरे करत होतो. साहेबांना सगळं सांगितलं. लाज वाटली हो. आईची फार आठवण आली.

साहेब म्हणाले, "तुझ्या आईने तुला मरणापासून लपवलं. तू तिला कोणापासून लपवतो आहेस? रिसेप्शनवरच्या लिंडापासून?"

आणि सही केली! पेन बंद करता करता एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत पाटी बदल."

बदलली. ठळक अक्षरात, धोंडीराम. लिंडाला तीन दिवस लागले, पण आता बऱ्यापैकी म्हणते. आणि मी? मी काय सुधारतोय! आता येईल त्याला धरून सुपाची आणि मिठाची गोष्ट ऐकवतो. नीता म्हणते, "आधीचा डॉन निदान गप्प तरी बसायचा."

गेल्या आठवड्यात नागपूरची एक नवीन इंजिनियर जॉइन झाली. हुशार, लाघवी मुलगी. पहिल्याच दिवशी माझ्या क्युबिकलपाशी आली. पाटी वाचली. इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि अगदी पोटतिडकीने म्हणाली,

"सर, राग नका मानू हं. इथे लोक नावाचा अर्थ शोधतात. तुम्ही 'डॉन' का नाही लावत?"