कातळावरचा माग

कापूरहोळच्या फाट्यावर आई आणि मी मोटारीची वाट बघत बसलो होतो. पुण्याकडं जाणारी मोटार कधी येईल याचा तेव्हा नेम नसे. आईनं माझ्यासाठी भाकरी बांधून आणल्या होत्या. ते फडकं तिनं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तर तुज्याकडं बोट दावणारं कुनी न्हाई. मग जातुयास कशापायी?"

पोटासाठी, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. मोटार आली, मी चढलो. आईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली आणि तिला खरं उत्तर मिळालं नाही ते नाहीच. ते आज लिहितो आहे. गावातल्या भावकीसाठी, आणि माझ्यामागून मुंबईला आलेल्या आपल्याकडच्या पोरांसाठीही. ती मला सुधारलेला माणूस समजतात.

तरुणपणी मी बैल चोरत होतो हे तुम्हाला माहीतच आहे. जोडीला वेल्ह्याकडचा रावजी. आपल्याकडं संस्थानचा अंमल, घाटाखाली कोकणात इंग्रजांचा. एकदा बैल खाली उतरले की संस्थानच्या शिपायाचे हात बांधलेले. शेवटच्या खेपेला एक बैल घाटातच बसला, उठेना. रावजी निसटला, मी सापडलो. त्याचं नाव मी सांगितलं नाही. शिक्षा भोगून गावी परत आलो तेव्हा चोरी पुन्हा करायची नाही एवढं मनात पक्कं होतं. दुसरं काय करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं.

रोज दिवेलागणीच्या आधी चावडीवर पाटलांपुढं हजेरी द्यायची. त्यांना विचारल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. जुन्या साथीदाराची गाठ पडली तर त्याच दिवशी सांगायचं, नाहीतर पुन्हा तुरुंग. मी हजेरीला आलो की चावडीवरचं कोणीतरी म्हणायचं, "आले बगा सरकारी जावई. दावी मोजून घ्या रं." सगळे हसायचे. कामाला कोणी बोलवत नसे. हिरडा वेचायला रानात गेलो तर बायका टोपल्या उचलून दुसऱ्या झाडाखाली जायच्या. घरात आईच्या राबण्यावर दोघं जेवत होतो.

अशात एकदा रावजी रानात समोर आला. एक जोडी हेरली आहे, चल म्हणाला. मी नाही म्हणालो. तो हसून म्हणाला, "तुला गाव पोसनार हाये व्हय?" आणि गेला. ही भेट मी पाटलांना सांगितली नाही. नाही म्हणालो यावर कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं. माझी पहिली चूक ती.

काही दिवसांनी शेजारच्या गावची एक बैलजोडी गेली. चोरीचा माग काढायची आपल्याकडची रीत नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. खुरांचा माग ज्या गावच्या शिवेत शिरला, त्या गावानं तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत काढून द्यायचा. माग मोडला तर चोरी त्या गावावर. सकाळी ती माणसं माग काढत आमच्या शिवेवर येऊन उभी राहिली. पाटलांनी मला बोलावलं. म्हणाले, "चोराची चाल तुला ठावी. माग म्होरं काढून दे. न्हाईतर गाव कुनाकडं बगंल, त्ये सांगाया नगं."

मी पुढं, बाकीचे मागं. ओढ्याच्या काठाला ओली माती होती. तिथं बैलांच्या खुरांशेजारी माणसाचं उजवं पाऊल उमटलं होतं, अंगठा नसलेलं. रावजीचं. त्या पावलावर मी माझं पाऊल ठेवलं आणि पुढं गेलो. रावजी सापडला असता तर रानातल्या भेटीचं बोलला असता. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं.

ओढ्यापुढं कातळ लागतो. त्यावर कशाचाच माग राहत नाही. बैल उजवीकडं, घाटाच्या वाटेला गेले होते हे मला कळत होतं. मी डावीकडं वळलो.

डावीकडं धरणग्रस्तांची नवी वाडी होती. भाटघरचं पाणी चढलं तशी ती माणसं वर येऊन उतारावर बसली होती. आसपास त्यांची सोयरीक नव्हती, शीवसुद्धा धड ठरली नव्हती, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं आमच्या चावडीवर कोणी नव्हतं. त्यांच्या गुरवाटेवर खुरांचा नुसता चिखल झालेला. त्यातल्या एकावर मी बोट ठेवलं आणि हाच म्हणालो. कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

वाडीला माग पुढं काढता येईना. बापू नावाचा एक जण आदल्या दिवशी भोरच्या बाजाराला गेला होता आणि अंधार पडल्यावर एकटाच परतला होता. तेवढं पुरलं. बैल त्यानं रातोरात कोकणात धाडले असं धरून त्याला शिक्षा झाली.

माझी हजेरी बंद झाली. पाटील भर चावडीत म्हणाले, "मानूस सुधारावा तर असा." मला घोंगड्यावर बसायला जागा मिळाली, बांधबंदिस्तीला, मळणीला बोलावणी यायला लागली. रानात बायका टोपल्या उचलीनाशा झाल्या. आई त्या दिवसांत ताठ चालायची. मी आयुष्यात जी गोष्ट सगळ्यात वाईट केली, तिनं मला भला माणूस केलं.

बापू सुटून आला. त्यांच्या वाडीला वेगळा पाटील नव्हता, त्यामुळं हजेरीला तो आमच्या चावडीवर यायचा. मी उभा राहायचो तिथंच उभा राहायचा. "आले बगा जावई," कोणीतरी म्हणायचं. मी हसत नसे. पण घोंगड्यावरून उठलोही नाही.

एके दुपारी तो खळ्यावर मला शोधत आला. त्याला काहीतरी कळलं असेल म्हणून मी उठून उभा राहिलो. तो बाजूला खाली बसला. म्हणाला, "दादा, म्या बैल न्हाई नेलं. पर ऱ्हाऊ दे, त्ये कुनी ऐकत न्हाई. तुमी ह्यातनं कसं सुटलात तेवडं सांगा. तुमी केलं तसं म्या करतो."

मी म्हणालो, कष्ट कर, वेळ लागतो. त्यानं मान हलवली, हात जोडले आणि गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कापूरहोळला मोटारीची वाट बघत बसलो होतो.

मुंबईला पाटलांचे एक पाहुणे गोदीत मुकादम होते. पाटलांच्या शब्दावर मला गोदामाच्या रखवालीचं काम मिळालं. बिल्ला, खाकी डगला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पाळी संपली की गेटवर सगळ्यांची झडती व्हायची. पुढंपुढं माझी घेणं त्यांनी सोडून दिलं. मी कधी सुतळीचा तोडासुद्धा उचलला नाही, हे खरं आहे. चाळीत मला कोणी काही विचारलं नाही. इथल्या डांबरावर पाऊल उमटत नाही, आणि सुरुवातीची काही वर्षं मला त्याचंच बरं वाटत होतं.

लढाईच्या दिवसांत गावाकडचा एक जण गोदीत कामाला लागला. त्याच्याकडून बापूचं कळलं. घरी लहान मुलं, आणि त्याला कोणी काम दिलं नाही. वाडीचेही त्याला टाळायला लागले, कारण त्याच्यापायी वाडीला नाव पडलं होतं. एके दिवशी तो हजेरीला आला नाही. घाटात कोणीतरी त्याला रावजीबरोबर बघितलं. पुढं कड्याखाली त्याचं प्रेत सापडलं, शेजारी चोरीचा बैल मरून पडलेला. हे सांगून तो गडी म्हणाला, तुमचा माग खरा निघाला बघा, सगळं गाव असंच म्हणतं.

मी कमरेचा जुडगा सोडला. गोदामाला कुलूप लावायची वेळ झाली होती.

भावकीतला एक पुतण्या सांगतो की वाईट वळणाच्या पोरांना चावडीवर अजून माझं उदाहरण देतात. ते बंद करा. पहिली बैलजोडी बापूनं नेली नव्हती. ती रावजीनं नेली, हे मला ठाऊक होतं, आणि कातळावर मी मुद्दाम डावीकडं वळलो. दुसऱ्या वेळी बापू चोरी करायला गेला, कारण सरळ राहायची वाट त्यानं मला विचारली होती आणि ती मला माहीत नव्हती. हे माझ्या नावानिशी त्याच्या मुलांना सांगा. चार माणसांत सांगा, त्यांच्या वाडीत जाऊन.

माझा मुलगा म्हणतो, आता गावी जाऊन राहा, घर आहे, हवा चांगली आहे. घर आहे खरं. पण गावाला माझ्याबद्दल जे ठाऊक आहे ते खोटं, आणि मुंबईला काहीच ठाऊक नाही. गाव म्हणजे जिथं आपलं खरं माहीत असूनही माणसं आत घेतात ती जागा, असं मला आता वाटतं, आणि तशी जागा मला अजून मिळालेली नाही. सगळं ऐकून त्या वाडीनं या म्हटलं तर मी येईन. त्यांनी नको म्हटलं तर तुम्हीही मला बोलावू नका.