उभ्या गाडीतला वर्ग

धुक्यात बुडालेल्या फाट्यावर कंपनीची निळी बस उभी आहे, इंजिन नुकतंच बंद झालंय, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर काळा फळा टेकवलाय... आणि त्या बॉनेटवर गारठलेली बोटं शेकत आम्ही सातवीतली मुलं बसलोय. डोळे मिटले की आजही तो वास येतो — डिझेलचा, थंड रेक्झिनचा, खडूच्या भुकटीचा, आणि वारा फिरला की पलीकडच्या शेतातल्या कोवळ्या हरभऱ्याचा.

आम्ही पिंपरीच्या एका कारखान्याच्या वसाहतीतली मुलं. कंपनीची बस पहाटे गावोगावचे पहिल्या शिफ्टचे कामगार आणायची, त्यांना गेटवर सोडून आम्हाला चिंचवडच्या शाळेत न्यायची. शाळेच्या आधी तिथे शिष्यवृत्ती परीक्षेचा खास वर्ग भरे. त्या वर्षी त्यासाठी चाचणी झाली आणि पहिली आली हिरा — आळंदी रस्त्यावरच्या एका वाडीतली. तिचे वडील आमच्याच कारखान्यात भट्टीवर होते, पण कंत्राटी. आणि बस फक्त कायम नोकरांच्या मुलांसाठी होती. फाट्यावर पहिली एसटी यायची तोवर वर्ग सुटलेला असायचा. म्हणजे सगळ्यांत हुशार मुलगीच वर्गाबाहेर राहणार होती... आणि बसचे पास देणारे साहेब माझे वडील होते. चाचणीत मी दुसरा होतो. हिरा आली नाही तर आपण पहिले, हा विचार माझ्या मनाला शिवून गेला होता. तो मी कुणाला बोलून दाखवला नाही, एवढंच.

हिराची आई शाळेत आली. आमच्या मालतीबाई फाटकापाशीच भेटल्या.

"बाई, गाडी रोज आमच्या फाट्यावरनं जाती. पोरीला घेत न्हाईत. म्हन्त्यात, नियम हाय."

शेजारी बसच्या पायरीवर तंबाखू मळत बसलेले ड्रायव्हर महादूकाका मान वर न करता म्हणाले, "नियम चालत्या गाडीचा हाय, बाई. उभ्या गाडीत कोन बसलं, ते कुठं लिवलंय? वर्गच आना की गाडीत. फाट्याला उभी करतो."

"अहो, कंपनी काय म्हणेल?"

"म्हनंल ते म्हनंल. तशीबी गाडी दुसऱ्या शिफ्टपातुर मोकळीच असती."

तसा तो वर्ग सुरू झाला. अपूर्णांक, दशांश, वाऱ्यानं फडफडणारे नकाशे... गुरं घेऊन जाणारी माणसं खिडकीतून डोकावत, आणि बाईंचा प्रश्न संपायच्या आत हिराचं उत्तर तयार असे. मग वर्ग संपला की ती मुकाट्यानं खाली उतरायची. बस आम्हाला घेऊन शाळेकडे निघायची, आणि ती एसटीची वाट पाहत उभी राहायची. मागच्या काचेतून ती लहान लहान होत जाताना दिसे. त्याच शाळेत, त्याच बाकावर यायचं असायचं तिला! आमची प्रार्थना संपल्यावर ती धापा टाकत वर्गात शिरायची, आणि मी वहीत डोकं खुपसायचो.

वसाहतीतल्या काही पालकांनी तक्रार केली, मुलांना कुठे धुळीत नेता म्हणून. एका सकाळी वडील स्वतः बसमध्ये येऊन मागच्या बाकावर बसले. त्या दिवशी सगळा वर्ग ताठ बसून शिकला. वर्ग संपला, हिरा उठली, खाली उतरली. तोच आमचा टवाळखोर रव्या दप्तर खांद्याला लावून तिच्यामागे उतरला.

"अरे, तू कुठे?" वडील म्हणाले.

"एसटीनं येतो, काका. तुमच्या बसमध्ये झोप लागते."

मग सुनंदा उतरली, मग जोशांचा श्री. बस रिकामी होत गेली... उरलो मी. वडिलांची नजर पाठीवर जाणवत होती, पाय पायरीशी अडखळले होते. खालून हिरा माझ्याकडे पाहत होती — रागानं नाही, नुसतीच. मी उतरलो. सगळ्यांत शेवटी.

वडील दारापर्यंत आले. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले.

"महादू, या मुलीला खाली का उतरवता?"

"तुमचाच नियम हाय, सायेब."

"नियमाचं मी बघतो. चढा रे सगळे... तू पण, बाळ. गाडी काढा."

हिरा बसली, आणि बस हलली. रव्यानं अशी शिट्टी मारली की बाईंनाही हसू आवरलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही सगळे एकत्र प्रार्थनेला उभे राहिलो.

निकाल लागला तेव्हा हिरा केंद्रात पहिली आली होती. महादूकाकांनी फाटा सोडून बस थेट वाडीत घातली, हॉर्न वाजवत, धुळीचे लोट उडवत. पोरं मागे धावत होती, आणि हिराच्या आईनं आमच्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. माझंही नाव यादीत होतं, बरंच खाली. पण तो गूळ खाताना मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढच्या जूनमध्ये फाट्यावर वाडीची चार मुलं दप्तरं घेऊन उभी होती. त्यांच्या खिशात पास होते, आणि पासांवर वडिलांची सही.

आता त्या फाट्यावर हरभऱ्याचं शेत नाही, गोदामं आहेत. महादूकाका गेले, वडीलही गेले. अखेरच्या आजारपणात वडिलांच्या उशाशी मी कितीतरी दुपारी बसलो. घरच्या, गावच्या, कंपनीच्या गोष्टी निघाल्या. मी सगळ्यांच्या आधी उतरलो असतो तर 'नियमाचं मी बघतो' हे शब्द तुमच्या तोंडून आणखी लवकर निघाले असते का, एवढंच विचारायचं होतं... ते राहून गेलं.