उसातल्या धावपट्टीवरचा खांब

सातारा-सांगलीच्या शिवेवर उसाच्या फडांमध्ये एक छोटी धावपट्टी आहे. विमान चालवायला शिकणारी मुलं तिथून उडतात. मोठं रडार अशा जागेला परवडत नाही, म्हणून आमच्या कंपनीने तिथे स्वस्तातलं यंत्र बसवलं. विमान स्वतःच आपला ठावठिकाणा रेडिओवर सांगत असतं. खांबावरची अँटेना तो पकडते आणि खाली पडद्यावर विमान दिसतं.

मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सोडलेला. तरी आमच्या इंजिनिअर मॅडमनी तो खांब मला एकट्याला उभा करायला दिला. चाचणी पार पडली की नोकरी पक्की, नाहीतर परत गावी. धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्याच पगारावर चाललं होतं.

बसवलं तेव्हा पार लांब, विटा गावावरचं विमानसुद्धा स्वच्छ दिसलं होतं. चाचणीच्या सकाळी मात्र डोक्यावर असेपर्यंतच दिसायचं, जरा लांब गेलं की गायब. वायर तपासली, खालचे सगळे जोड उघडून पुन्हा आवळले. काही फरक नाही. मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

तिथले चौकीदार काका माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले. चहा घेऊन आले. "आवं मॅडम, यंत्र नवं हाय, रुळंल की."

मॅडम बाहेर गेल्या, डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिल्या. "अँटेना पांढरी होती ना रे?"

मी वर पाहिलं. खांबासकट सगळं चांदीसारखं चमकत होतं.

"मीच मारला रंग!" काका छाती काढून म्हणाले. "सायबलोक तपासणीला येनार आन् खांब बिनरंगाचा? पलटणीत चालत न्हाई. जे हलत न्हाई त्याला रंग मारायचा."

"काका, एवढ्या उंच चढलात?"

"मग! गुडघं शाबूत हायत अजून."

मॅडमना हसू आवरेना. "अहो, चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. त्या धातूतून रेडिओच्या लाटा अँटेनात शिरणार कशा?"

काकांनी मान वर करून खांबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी यंत्राला मी चिलखत घातलं म्हना की!"

गाडीत दुसरी अँटेना होती. ती घेऊन मी वर चढलो, बदलली. खालून मॅडम ओरडल्या, "दिसलं! विट्यावर आहे!" आणि लगेच, "पुढच्या धावपट्टीचा खांबही तूच उभा करायचास, कळलं का?"

कळलं होतं. म्हणजे नोकरी पक्की. मी खांबाला मिठी मारून तसाच थांबलो. मॅडमनी सकाळभर माझ्यावर एकदाही बोट दाखवलं नव्हतं, हे तिथे वर नीट लक्षात आलं.

"उतर रं गड्या," खालून काका, "का तितंच खोली घेतुयास?"