झालंच आणि चष्म्याच्या दुकानातला प्रिंटर

त्यांना सगळे 'झालंच' म्हणायचे, आणि त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. समोरच्याने तक्रार सांगायला तोंड उघडलं, की अर्ध्यावरच हे "झालंच!" म्हणून पिशवी उचलायचे. काय बिघडलंय ते कळायच्या आधीच दुरुस्तीची ग्वाही! बायको म्हणायची, समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला तरी यांना वाटतं बोलणं संपलं. ते त्यांना पटायचं, पण तेही ती पुरतं सांगून व्हायच्या आतच.

तरुणपणी त्यांनी दुकानदारांसाठी डॉसवर चालणारे प्रोग्राम लिहिले होते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसचं नाव नाही. तेव्हा बाजारपेठेत काय रुबाब होता त्यांचा! पुढे एकेका दुकानात विंडोज आलं, रंगीत चित्रं आली, आणि गिऱ्हाइकं गळत गेली. आता उरलं होतं फक्त चष्म्याचं दुकान. ते सुटलं की पिशवी घेऊन घराबाहेर पडायला काही निमित्तच राहणार नव्हतं. मुलगा म्हणायचा, बाबा, आता आराम करा. आराम हा शब्द ऐकला की ते पिशवीतली हत्यारं पुसायला बसायचे.

त्या सकाळी दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. आतल्या खोलीतून छापायला दिलेला डोळ्यांच्या नंबरचा कागद बाहेरच्या प्रिंटरवर फार उशिरा येतो, आणि दुसरं म्हणजे... एवढंच त्या म्हणाल्या आणि यांनी "झालंच!" म्हणून फोन ठेवला. हेही गिऱ्हाईक हातचं जातंय की काय, या धास्तीने चहा निम्मा टाकून ते निघाले.

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि बाहेर काउंटरवर प्रिंटर. यांनी आत बटण दाबलं आणि धावत बाहेर आले. प्रिंटर ढिम्म. वायर काढून परत खोचली. जरा वेळाने कागद आला. "बघा, वायर!" पुढच्या वेळी वायरीने काही होईना, म्हणून प्रिंटरच्या डोक्यात एक चापट मारली, कागद आला. "बघा, धूळ!" बाईंनी मध्येच काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा हे टेबलाखाली शिरलेले होते. तिथूनच त्यांनी "झालंच" म्हटलं आणि उठताना टाळकं फळीवर आपटून घेतलं.

शेवटी दमून ते स्टुलावर बसले. कशाला हात लावला नाही, कुणाला शिव्या घातल्या नाहीत. आणि कागद आपला आपण आला. झालंच यांचा चेहरा पडला. म्हणजे इतकी वर्षं दुकानोदुकानी प्रिंटरला मारलेल्या चापटा फुकट! कागद बिचारा येणारच होता, हे उगाच प्रिंटरला बडवत होते.

मग कुठे त्यांनी डोकं चालवलं. जुना प्रोग्राम 'माझं संपलं' असं कधी सांगतच नाही. सांगणार कसा, लिहिणाऱ्याला तेव्हा ते सुचलंच नव्हतं, आणि लिहिणारे हेच! त्यामुळे विंडोज सगळा मजकूर धरून ठेवतं, आणखी काही येतंय का म्हणून वाट बघतं, आणि बराच वेळ शांतता झाली की मगच छापायला सोडतं. ही वाट किती बघायची याचा आकडा एका सेटिंगमध्ये होता. तो सापडल्यावर यांना कुठला दम निघतोय! त्यांनी तो थेट एक सेकंदावर आणला.

कागद ताबडतोब आला. डोळे तपासून बसलेल्या जाड मिशांच्या एका गृहस्थांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आपला डावा डोळा कुठे गेला असं विचारलं. प्रोग्राम उजव्या डोळ्याचा नंबर देऊन डाव्याचा शोधायला क्षणभर थांबला होता. विंडोजने संपलं असं समजून पान बाहेर ढकललं होतं. डावा डोळा दुसऱ्या पानावर एकटाच आला. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. यांना बायकोचं बोलणं आठवलं आणि कानशिलं तापली.

आकडा थोडा थोडा वाढवत नेला, तेव्हा दोन्ही डोळे एका पानावर आले, तेही चटकन. हे एकदम फुलले. आता हा प्रोग्राम आणखी दहा वर्षं कसा हलत नाही बघा, असं काहीबाही बोलायला लागले.

"भाऊ, जरा ऐकता?" बाई म्हणाल्या. "सकाळपासून सांगतेय, पण तुम्ही पुरं बोलू द्याल तर ना. मी नवा प्रोग्राम घेतलाय. सोमवारपासून तोच चालू. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यात भरायचे, तर आधी सगळे कागदावर हवेत. आणि हा प्रिंटर असा रेंगाळत होता, म्हणून तुम्हाला बोलावलं."

म्हणजे घाम गाळून यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. जुन्या चालीने हे छापणं सोमवारपर्यंत उरकलं नसतं, नवा प्रोग्राम लांबला असता, आणि तेवढे दिवस तरी यांचं येणंजाणं राहिलं असतं. आकडा परत वाढवून ठेवावा, कुणाला कळणारही नाही, हा विचार मनात आला, खोटं कशाला बोला. बाई बोलायच्या थांबल्या होत्या. सवयीने यांचं तोंड उघडलं, पण ते मिटून घेऊन हे थांबले.

"दुसऱ्या कुणालाही बोलावता आलं असतं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही लिहिलेला प्रोग्राम तुम्हाला न सांगता बंद करायचा, हे माझ्याच्याने होईना."

कोरे कागद कुठे ठेवलेत एवढंच त्यांनी विचारलं. गठ्ठा लावला, आतल्या खोलीत जाऊन सगळ्या गिऱ्हाइकांची यादी निवडली आणि बटण दाबलं. बाहेर प्रिंटर लगेच सुरू झाला. आज तरी जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं याचं, असं त्यांना वाटलं.