पायपातल्या घराचं दार

आधीच सांगतो, भूत, भानामती, करणी असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सुतार माणूस. लाकूड फुगलं की दार अडकतं आणि बिजागरी वाकली की करकरतं, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे वाचून कुणी हसलात तरी राग नाही. फक्त सामंताची कीव करायला सांगू नका, ते जमणार नाही.

१९८६ साल. मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठाले पाइप कित्येक वर्षं पडून होते. गटाराच्या कुठल्यातरी योजनेसाठी आणलेले, मग योजनाच बारगळली. आत माणूस ताठ उभा राहील एवढे मोठे. त्यातल्या एका पायपात आमची तारामावशी आणि काका राहायचे. सख्खी मावशी नव्हे, मालवणकडची गाववाली. काकांची गिरणी बंद पडली, खोली गेली, आणि दोघं इथे आली. पण टापटीप काय विचारता! पायपाच्या तोंडाला साडीचा पडदा, आत स्टोव्ह, भांडी घासून लख्ख.

मग कॉन्ट्रॅक्टर सामंत आला. तोही आमच्याच तालुक्यातला. डोकं झकास, हे मान्य करायला हवं. पाइप फुकट पडलेत ना, मग त्यांचीच घरं करायची! दोन पाइप जोडायचे, मागे विटांची भिंत आणि खिडकी, पुढे दार, आत घडीची बाकडी, वर फळ्या. क्रेनने उचलून कुठेही नेऊन ठेवा. बेघरांसाठी, असं कागदावर. दारं आणि बाकडी करायचं काम माझं.

मावशी पाइप सोडायला तयार नव्हती. सामंत मला म्हणाला, "बाबल, तू सांग तिला. पहिलं घर तिचंच." मी जाऊन सांगितलं... माझ्यावर विश्वास ठेव गे मावशे. काकांना दम्याने चालवत नव्हतं, मी त्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. समोरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून दिलं आणि म्हटलं, पंधरा दिवस काढा.

एप्रिलचं ऊन. प्लास्टिकखाली नुसती भट्टी. पंधराचे चाळीस दिवस झाले आणि काका गेले. समोर त्यांचाच पाइप, त्याला मी बसवलेलं नवंकोरं दार, आणि दाराला कुलूप. मग घरं मिळणाऱ्यांची यादी लागली. सगळी सामंताच्या ओळखीची माणसं, मावशीचं नाव नाही. जाब विचारला तर म्हणतो कसा, "अरे, एकट्या बाईला घर कशाला? यादी कुटुंबांची आहे." मेल्याच्या थोबाडीत द्यायला हात शिवशिवला माझा.

उद्घाटन सकाळी दहाला होतं. आमच्या कोकणात नवीन घर उभं राहिलं की जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. वडीलधारं माणूस मागणं मागतं आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लहानपणापासून जिभेला इतकं वळण, की मागणं नीट कानात शिरायच्या आधीच होकार बाहेर पडतो. सामंताचे मामा गाऱ्हाणं घालणार होते, ते आलेच नाहीत. उद्घाटनाला आलेले साहेबलोक घड्याळं बघायला लागले. तेवढ्यात मावशी पुढे झाली. "मी घालतंय." पाहुण्यांसमोर सामंत नाही कसा म्हणणार?

"बा जागेवाल्या म्हाराजा! तुझ्या जाग्यार ही घरा उभी ऱ्हवली, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हय ऱ्हवतले तेंका सुखान नांदव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेणां माझा दार काढून घेतल्यान, तेका खंयचाच दार गावाचा नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. सामंतही म्हणाला! हात जोडून, डोळे मिटून, अगदी खणखणीत. आपण कशाला हो म्हटलं हे कळल्यावर त्याने खाडकन डोळे उघडले. मी मात्र शब्दन् शब्द ऐकला होता: ज्याने माझं दार घेतलं, त्याला कुठलंच दार सापडू नये. कळून-सवरून म्हटलं मी.

"म्हातारीचं डोकं फिरलंय," असं हसत हसत म्हणत, दार कसं लागतं ते साहेबलोकांना दाखवायला सामंत एकटाच पायपात शिरला आणि आतून दार ओढून घेतलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मग आतून हाका... "दार कुठाय? अरे, दार कुठाय?"

मी दार ढकललं. सहज उघडलं, आतली कडी मी अजून बसवलीच नव्हती. ऊन थेट सामंताच्या तोंडावर पडलं. तो माझ्या दिशेने बघत होता आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपत होता. "बाबल, तुझा आवाज येतोय रे. दार कुठाय?"

"हे काय साहेब, तुमच्या समोर."

"समोर भिंत आहे रे!" रडकुंडीला आला होता. आणि मंडळी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय — उघड्या दाराच्या मधोमध, हवेत, त्याचे तळवे अडकत होते. काचेवर ठेवावेत तसे सपाट. मी मनगट धरून ओढलं तेव्हा कुठे बाहेर आला.

घरीही तेच. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम. पेपर वाचायचा, माणसं ओळखायचा, पण दार म्हणून दिसेना. बाथरूममधूनसुद्धा बायको हाताला धरून आणायची. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पोटभर बरं वाटलं.

तीन महिन्यांनी त्याची बायको त्याला घेऊन मावशीच्या पाया पडायला आली. सोबत पहिल्या घराची चावी, मावशीच्या नावाचा कागद. मावशी विरघळली. "जाव दे रे बाबल्या, आमचो माणूस काय परत येवचो नाय." तिने नारळ ठेवला. जे जे तेव्हा हो म्हणाले, त्या सगळ्यांनी आता पुन्हा हो म्हणायला हवं, असं तिचं म्हणणं. मजुरांनाही बोलावून घेतलं.

"चुकला माकला पोटात घाल, हेका दार गावांदे रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले. सामंत तर रडत म्हणाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काकांची ती धाप आठवली, माझ्या मानेवर लागणारी. मी ओठ घट्ट मिटले.

सामंताला दार शेवटपर्यंत गावलं नाही. कुणी म्हणालं, मेंदूला धक्का बसला. कुणी म्हणालं, मनाची भीती. असेल. पण हवेत त्याचे तळवे कशाला अडकत होते, हे मला आजवर कुणी समजावून देऊ शकलेलं नाही. मावशी त्याच घरात राहिली, आणि मी भेटलो की दर वेळी विनवायची, "म्हण रे एकदा, सुटांदे तेका."

मी नाहीच म्हटलं. आता मावशी नाही, सामंतही नाही. तरी म्हणणार नाही.